तारखेचे अवयव आणि इतिहासाचा क्रम

मराठी पत्रव्यवहाराचे जुने रुमाल ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना एक गोष्ट लवकरच जाणवते. पत्राला दिवस असतो, महिना असतो. वर्ष मात्र पुष्कळदा नसते. 'येथील कुशल तागायत छ २३ रबिलावल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे' अशा धर्तीचा मायना शेकडो पत्रांत भेटतो. 'छ' म्हणजे चंद्र. चंद्रदर्शनापासून मोजलेला तेविसावा दिवस, रबिलावल महिन्याचा. कोणत्या वर्षाचा, हे लिहिणाऱ्याला सांगण्याची गरज वाटत नसे, कारण पत्र आठ-पंधरा दिवसांत पोहोचायचे आणि वाचणाऱ्याला चालू वर्ष ठाऊक असायचे. अडचण आपली आहे. आपण त्या पत्राचे उद्दिष्ट वाचक नव्हतो. दोनअडीचशे वर्षांनी आपण मधेच ते पत्र उघडून वाचतो आहोत, आणि तारखेचा जो अवयव आपल्याला सर्वांत आधी हवा तोच तिथे नाही.

या लेखात आम्ही तारखेच्या अवयवांचा विचार करणार आहोत. दिवस, महिना, वर्ष, पक्ष, वार यांपैकी कोणता अवयव आधी धरायचा आणि कोणता नंतर, यावर कागदांचा क्रम ठरतो. आणि कागदांच्या क्रमावर इतिहासाचे कथन ठरते. मराठीचे विद्यार्थी आता पत्रांच्या, हस्तलिखितांच्या, नियतकालिकांच्या सूची संगणकावर करू लागले आहेत. तक्त्यात तारखेचा रकाना करून 'क्रम लाव' अशी आज्ञा दिली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. ही आज्ञा वाटते तितकी निरागस नाही. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांच्या पिढ्यांनी ज्या प्रश्नाशी झुंज घेतली, तोच प्रश्न या आज्ञेच्या पोटात दडलेला आहे.

क्रम कोणाचा?

१९७० च्या जून महिन्यात एडगर कॉड या संशोधकाने माहितीच्या साठ्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला डेटाबेस म्हणतो त्याची बैठक या निबंधाने घातली. त्यातील एक कल्पना इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे : तक्त्यातील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतो. ओळी म्हणजे एक समुच्चय. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी या साठ्याला प्रश्न विचारण्याची जी भाषा मांडली, तिच्यातून पुढे एस.क्यू.एल. घडली. या भाषेत क्रम हवा असेल तर तो प्रश्न विचारणाऱ्याने स्पष्टपणे मागावा लागतो. 'ऑर्डर बाय' असे लिहून पुढे कोणत्या रकान्यानुसार, हे सांगावे लागते. एकाहून अधिक रकाने दिले, तर पहिल्यात बरोबरी झालेल्या ओळी दुसऱ्याने लावल्या जातात, त्यातही बरोबरी झाली तर तिसऱ्याने. शिवाय तारखेतून फक्त वर्ष, फक्त महिना किंवा फक्त दिवस वेगळा काढून त्यानुसारही क्रम लावता येतो.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पेशवाईतील हिशेबाच्या वह्यांत तीच व्यवस्था आहे. रोजकीर्द म्हणजे ज्या दिवशी जे घडले ते त्या दिवसाखाली. खतावणी म्हणजे तेच व्यवहार पुन्हा उतरवून, पण या वेळी खात्यांप्रमाणे. व्यवहार तेच, क्रम दोन. कीर्दीत काळ बोलतो, खतावणीत विषय बोलतो. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, तेव्हा रोजनिशीचा मूळ दिनक्रम बाजूस ठेवून विषयवार मांडणी करण्यात आली. ती अभ्यासकाला सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु एकाच दिवशी दरबाराने न्यायनिवाडा कोणता केला, इनाम कोणाला दिले आणि फौजेला रसद कुठून पाठवली, हे शेजारी शेजारी पाहण्याची संधी त्या मांडणीत हरवते.

भिवंडीत शिकवणाऱ्या आम्हांला हे उदाहरण सुचणे साहजिक आहे. या शहरात यंत्रमागाच्या धंद्यामुळे कीर्द-खतावणी ही घरोघरची गोष्ट आहे. वर्ष कुठून सुरू होते, या प्रश्नाचीही इथे अनेक उत्तरे मिळतात. कर-सल्लागाराचे वर्ष १ एप्रिलला उघडते, गुजराती आणि मारवाडी पेढ्यांच्या चोपड्या दिवाळीला पूजल्या जातात, आंध्र-तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा उगादी आणि मराठी घरांचा पाडवा एकाच दिवशी येतो, तर मोमीन आणि कोकणी मुसलमान घरांत सणवार हिजरी चंद्रावर चालतात. उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांचा श्रावण आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला. आमची श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. कृष्णजन्म एकाच रात्री साजरा होतो, पण महिन्याचे नाव दोघांकडे निराळे. महिन्यानुसार क्रम लावायचा म्हटले की आधी विचारावे लागते : कोणाचा महिना?

मोठ्याकडून लहानाकडे, लहानाकडून मोठ्याकडे

तारीख लिहिण्याच्या दोन रीती आपल्या परंपरेत शेजारी शेजारी नांदल्या. पहिली संस्कृत वळणाची : शके १६८२, विक्रमनाम संवत्सरे, पौष शुद्ध अष्टमी, बुधवासरे. ही पानिपतच्या लढाईची तिथी, इसवी सन १७६१, जानेवारी १४. या रीतीत सर्वांत मोठा अवयव आधी येतो आणि उतरत उतरत दिवसापर्यंत पोहोचतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ मध्ये वर्ष, महिना, दिवस असा जो क्रम ठरवला, त्याचीच ही जात. याचा फायदा असा की अंक योग्य लांबीचे लिहिले तर साध्या अक्षरांच्या क्रमानेही कालक्रम बरोबर लागतो.

शिवाय या रीतीत दोन अवयव पडताळ्याचे आहेत. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते, त्यामुळे शकाच्या अंकात नक्कल करणाऱ्याने चूक केली असेल तर संवत्सर ती पकडून देते. तसेच वार हा तिथीचा साक्षीदार. तिथीची वृद्धी झाली आणि एकच तिथी दोन सूर्योदयांना आली, तर त्या दोन दिवसांतला कोणता, हे वारच सांगतो.

दुसरी रीत दफ्तरी वळणाची : छ अमुक, महिना अमुक, आणि वर्ष लिहिलेच तर 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ'. इथे लहान अवयव आधी. एवढेच काय, वर्षाच्या आतही एकक आधी येते. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. हा सुहूर सन, ज्याला आपण अरबी सन किंवा मृगसालही म्हणतो, चौदाव्या शतकात १३४४ च्या सुमारास दख्खनेत रूढ झाला. वर्षाचा आकडा त्या वेळच्या हिजरी सनाचा, चाल मात्र सूर्याची. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणजे मेअखेर ते जूनच्या आरंभी, नवे वर्ष. शेतीचा आणि वसुलीचा हंगाम धरणारे वर्ष हवे होते. निव्वळ चांद्र वर्ष दर साली अकरा दिवसांनी मागे सरकते, म्हणून ही तोड. इसवी सन काढण्यासाठी मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे.

आता कल्पना करावी की एखाद्या विद्यार्थ्याने हे शब्द जसेच्या तसे तक्त्यात भरले आणि क्रम लावण्याची आज्ञा दिली. यंत्र अकारविल्हे लावील. 'अर्बा', म्हणजे चार, सर्वांच्या आधी येईल; 'इसन्ने', म्हणजे दोन, 'इहिदे', म्हणजे एक, याच्या पुढे बसेल. अर्बा सितैन आणि अर्बा सबैन, म्हणजे ११६४ आणि ११७४, हे एका पंगतीला येतील आणि मधली नऊ वर्षे कुठेतरी खाली विखुरली जातील. मराठी महिन्यांचेही तेच. अकारविल्हे लावले तर वर्ष आश्विनात सुरू होते, मग आषाढ, कार्तिक, चैत्र असे करत श्रावणात संपते. आणि प्रत्येक महिन्यात वद्य पक्ष शुद्ध पक्षाच्या आधी येतो. 'अधिक' महिना कुठे पडेल, हे लिहिणाऱ्याने तो शब्द आधी लिहिला की मागून यावर अवलंबून. 'दिवस-महिना-वर्ष' असे अक्षररूपात भरलेल्या इंग्रजी तारखांचाही असाच फज्जा उडतो : सगळ्या शतकांतील एक तारखा आधी, मग सगळ्या दोन तारखा.

उपाय सोपा आहे, पण त्यासाठी कालगणना समजलेली असावी लागते. वर्षाचा अंक वेगळ्या रकान्यात; महिन्याला चैत्र एक ते फाल्गुन बारा असा अनुक्रमांक; अधिक आणि निज यांसाठी वेगळा रकाना, ज्यात अधिक आधी; शुद्ध एक, वद्य दोन; मग तिथी; शेवटी वार. या क्रमाने किल्ल्या लावल्या म्हणजे शालिवाहन शकाचा कालक्रम बिनचूक लागतो. आणि उत्तरेकडील पत्रांत पक्षांचा क्रम उलटा आहे, हे ध्यानात ठेवून त्यांचे कृष्ण पक्ष एक महिना मागे नोंदवावे लागतात.

वर्ष कुठे मोडते?

वर्षाचा आरंभ बदलला तर घटनांचा पूर्वापर क्रम बदलत नाही. बदलतात त्यांच्या पंक्ती. चार घटना घेऊ. उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० मध्ये, भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली ती ऑगस्ट १७६० मध्ये, पानिपत जानेवारी १७६१ मध्ये, आणि नानासाहेब पेशव्यांचा मृत्यू २३ जून १७६१ रोजी. इसवी सनानुसार गट केले तर उदगीर आणि दिल्ली एकत्र, पानिपत आणि नानासाहेबांचा अंत एकत्र. शकानुसार उदगीर १६८१ मध्ये, दिल्ली आणि पानिपत १६८२ मध्ये, पेशव्यांचा अंत १६८३ मध्ये. सुहूर सनानुसार तेच गट, ११६०, ११६१, ११६२ असे.

इसवी मांडणीत विजयाचे वर्ष आणि शोकाचे वर्ष अशी दुभंगलेली कथा तयार होते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील कथनाला ही फाळणी किती अंगवळणी पडली आहे, हे तपासण्यासारखे आहे. मृगसाली मांडणीत मात्र दिल्ली आणि पानिपत ही एकाच मोहिमेची, एकाच खर्चाच्या ताळेबंदाची पाने म्हणून समोर येतात. मराठ्यांची मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीला परते. त्या जीवनाचा सांधा मृगावर होता, जानेवारीवर नव्हता. म्हणून महसुलाचा किंवा मोहिमांचा अभ्यास करणाऱ्याने तारखेतून वर्ष काढताना कोणते वर्ष काढायचे, हे आधी ठरवावे. आधुनिक आर्थिक वर्षासाठी हिशेबनीस हेच करतात : एप्रिलला पहिला महिना धरून मार्चला बारावा करतात, आणि मग क्रम लावतात.

सुहूर सनाचा एक बारकावा इथेच सांगितला पाहिजे. वर्ष सौर, महिने चांद्र. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर ३६५ दिवसांचे. म्हणजे एका सुहूर वर्षात सुमारे अकरा चंद्रतारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या तोंडी आणि एकदा शेवटी. वर्ष, महिना, दिवस असे तिन्ही अवयव कागदावर लिहिलेले असूनही दिवस निश्चित होत नाही, असा हा विलक्षण प्रसंग. तिथे मजकूरच वाचावा लागतो : मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आहे, की त्याची वाट पाहिली जात आहे?

हरवलेल्या वर्षाचा शोध

वर्ष नसलेल्या पत्राचे वर्ष कसे काढत? या पद्धतीचा इतिहास हा मराठी बुद्धीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आहे, असे आम्हांला वाटते. १८७८ मध्ये सुरू झालेल्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने बखरी आणि कागद छापण्याची वाट पाडली. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यातील पत्रे पानिपतच्या काळाची आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पुढे १९३० च्या आगेमागे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. या सर्वांपुढे पहिले काम एकच होते : पत्रे लावणे.

हाताशी जंत्र्या होत्या. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री, ग. स. खऱ्यांची शिवकालीन जंत्री, आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेले स्वामीकन्नू पिळ्ळै यांचे अखिल भारतीय पंचांगकोष्टक. या सर्वांच्या मागे गणिताची बाजू भक्कम करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित उभे होते. त्यांचे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' आणि रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ, दोन्ही १८९६ चे.

जंत्री वापरण्याची रीत अशी. पत्रात चंद्रतारीख आहे आणि तिथी किंवा वारही आहे, तर त्या दोहोंचा मेळ कोणत्या वर्षी बसतो ते पाहायचे. केवळ चंद्रमहिना असेल तर ऋतूचा आधार घ्यायचा. हिजरी महिना सुमारे तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परततो. १७६० मध्ये मोहरम ऑगस्टात लागला. तसाच तो १७२७ आणि १७९३ मध्येही ऑगस्टात होता. तेव्हा एखाद्या पत्रात मोहरमच्या आरंभाची तारीख असून नद्यांना पूर असल्याचा मजकूर असेल, तर संपूर्ण पेशवाईत त्या पत्राला बसण्याजोग्या जागा दोन-तीन पुंजक्यांतच उरतात. मग पत्रातील माणसे पाहायची : कोण हयात आहे, कोणाला कोणता किताब आहे, कोणाचा उल्लेख 'कैलासवासी' असा आला आहे. शेवटी पाठ उलटून 'पैवस्ती'चा शेरा शोधायचा. पत्र पोहोचल्याची ही नोंद ज्याला मिळाले त्याच्या कारकुनाने केलेली असते, आणि दफ्तरासाठी केलेली असल्याने तिच्यात पुष्कळदा सनही असतो. लिहिणाऱ्याने गाळलेले वर्ष घेणाऱ्याने जपलेले असते.

काढलेली तारीख कंसात किंवा प्रश्नचिन्हासह छापावी, म्हणजे कागदावरील तारीख आणि संपादकाची तारीख यांत गल्लत होणार नाही, हा संकेत याच परंपरेत रुजला. संगणकाच्या तक्त्यात तो टिकवणे कठीण जाते. तारखेच्या रकान्याला प्रश्नचिन्ह चालत नाही. त्याला पूर्ण तारीख हवी. मग महिना ठाऊक आहे पण दिवस नाही, अशा पत्राला भरणारा एक तारीख देऊन टाकतो. वर्ष ठाऊक, महिना नाही, तर १ जानेवारी. दहा वर्षांनी तो तक्ता वापरणाऱ्याला दिसते की मराठे सरदार विशेषकरून १ जानेवारीलाच पत्रे लिहीत असत.

एकच दिवस, तीन तारखा

भिवंडीच्या आसमंतातील एक उदाहरण पाहू. तालुक्यातील वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी आप्पांच्या वसईविजयाशी जोडलेले आहे. वसईच्या पोर्तुगीजांनी १७३९ च्या मे महिन्यात शरणागती पत्करली. पोर्तुगीज कागदांनुसार तो दिवस १६ मे. मुंबईकर इंग्रजांच्या कागदांनुसार ५ मे. दोघेही बरोबर आहेत. पोर्तुगालने ग्रेगरी पोपची सुधारित कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली होती; इंग्रजांनी ती १७५२ च्या सप्टेंबरात स्वीकारली, तोवर ते अकरा दिवस मागे होते. शिवाय इंग्रजांचे सरकारी वर्ष तोपर्यंत २५ मार्चला सुरू होई. म्हणजे त्यांच्या १७३८ च्या फेब्रुवारीतील पत्र आपल्या हिशेबाने १७३९ चे.

मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशी तिन्ही दफ्तरे एका तक्त्यात ओतली आणि तारखेच्या एकाच रकान्यावर क्रम लावला, तर मुंबईकरांची प्रतिक्रिया मूळ घटनेच्या आधी येऊन बसते. त्यावरून इंग्रजांना वसईच्या पाडावाची आगाऊ बातमी होती, असा सिद्धान्त कोणी मांडला तर यंत्र त्याला अडवणार नाही.

असाच पडताळा शिवजन्माच्या तारखेचा. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्ल संवत्सर, शुक्रवार. इसवी सन १६३०, फेब्रुवारी १९. ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन, गणनेची आहे. आजचे बहुतेक संगणक ग्रेगरी गणनाच मागे ताणतात. त्यांना १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर मंगळवार असे उत्तर मिळते. शुक्रवार हवा असेल तर १ मार्च १६३० विचारावे लागते. वार हा साक्षीदार किती उपयोगी आहे, हे यावरून कळावे.

वर्ष गाळून लावलेला क्रम

आतापर्यंत वर्ष आधी धरणाऱ्या क्रमाविषयी बोललो. याच्या उलट एक क्रम आहे, आणि लोकजीवनात तोच प्रबळ आहे : वर्ष गाळून फक्त महिना आणि दिवस यांनुसार लावलेला. जयंत्या, पुण्यतिथ्या, दिनविशेष हे सर्व या क्रमात बसतात. वारकरी परंपरेची स्मृती जवळजवळ पूर्णतः अशी आहे. तुकाराम बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया, याबद्दल कोणाचे दुमत नाही. ते वर्ष शके १५७१ की १५७२, यावर वाद आहे, आणि जन्मवर्षाबद्दलची मते तर १५६८ पासून १६०८ पर्यंत पसरली आहेत. ज्ञानेश्वरांचा जन्म श्रावण वद्य अष्टमीचा, हे सर्वमान्य. शके ११९३ की ११९७, हे विवाद्य. जो अवयव दरवर्षी परत येतो तो समाजाने जपला, कारण त्या दिवशी काहीतरी करायचे असते. जो अवयव परत येत नाही तो पोथीच्या भरवशावर राहिला. दफ्तरातील पत्रांतही वर्षच गाळले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्हीकडील कारण सारखेच दिसते : जगणाऱ्याला वर्ष लिहायचे नसते. वर्ष ही इतिहासकाराची गरज आहे.

परंतु जेव्हा वर्षाबद्दलचा शोध तिथीही बदलून टाकतो, तेव्हा प्रश्न ग्रंथालयाच्या बाहेर येतो. शिवजन्माची जुनी रूढ तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणल्यावर फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली. परमानंदाच्या 'शिवभारता'ने तिला बळ दिले. तरीही उत्सव बराच काळ जुन्या तिथीला होत राहिला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली ती या शतकाच्या उंबरठ्यावर. आज एकाच पुरुषाच्या जयंत्या तारखेनुसार आणि तिथीनुसार वेगवेगळ्या दिवशी होतात.

भिवंडीला हा विषय केवळ संशोधनाचा म्हणून पाहता येत नाही. ७ मे १९७० रोजी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, या शहरात दंगल पेटली. ती जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली, आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. तो दिवस वैशाख शुद्ध द्वितीयेचा होता. शहराच्या स्मरणात मात्र तो 'सात मे' म्हणून राहिला. शिवजयंती तिथीच्या रकान्यात, दंगल तारखेच्या रकान्यात. त्यामुळे पुढच्या वर्षांत त्या दोन नोंदी सहसा एका दिवशी आल्या नाहीत.

दिनविशेषाच्या पुस्तकात ७ मे या दिवसाखाली रवींद्रनाथांचा १८६१ मधील जन्म सापडतो आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा १८८० मधील. त्यांच्या शेजारी १९७० ची ती नोंद ठेवून पाहावी. महिना आणि दिवस यांनुसार लावलेल्या यादीत या तीन गोष्टी सख्ख्या शेजारी होतात, आणि त्यांच्यात काहीही नाते नसते. उलट वर्ष आधी धरून लावले तर १९७० च्या आधीची अनेक वर्षे, त्यांतील अफवा, संघटना, वर्तमानपत्रांतील मजकूर, प्रशासनाचे निर्णय असे सर्व त्या दिवसापर्यंत येताना दिसते. स्मरण करण्यासाठी पहिला क्रम पुरतो. कारण समजून घ्यायचे असेल तर दुसरा लागतो. आपल्या शाळांतील फलकांवर रोज पहिला क्रम लिहिला जातो. दुसरा क्रम विद्यार्थ्यांना क्वचितच कोणी लावायला सांगते.

विद्यार्थ्यांसाठी

यातून अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी निघतात. कागदांची सूची करताना मूळ तारीख कागदावर जशी आहे तशी, अक्षरशः, एका रकान्यात ठेवावी. तिला कधीही हात लावू नये. तिचे अवयव, म्हणजे शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, चंद्रतारीख, सन, वेगळ्या रकान्यांत अंकरूपाने द्यावेत, आणि जो अवयव नाही त्याची जागा रिकामीच सोडावी. काढलेली इसवी तारीख आणखी वेगळ्या रकान्यात. तीही एक न देता 'याच्या आधीची नाही' आणि 'याच्या नंतरची नाही' अशा दोन टोकांनी द्यावी. पैवस्तीचा शेरा असेल तर दुसरे टोक आयते मिळते. कालगणना कोणती आणि तारीख कोणी, कशावरून काढली, यांसाठीही रकाने हवेत. असा तक्ता केला म्हणजे एकाच साठ्यातून मोहिमेचा क्रम, हंगामाचा क्रम, उत्सवाचा क्रम, असे हवे ते क्रम मागता येतात, आणि कोणता क्रम मागितला हे प्रत्येक वेळी उघडपणे लिहिलेले राहते.

हे करण्यासाठी मोडी वाचता आली पाहिजे, जंत्री उघडता आली पाहिजे आणि 'अर्बा सितैन' ऐकून आकडा मनात उमटला पाहिजे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भाषाविज्ञान आहे, साहित्यसिद्धान्त आहेत. कालगणनेला दोन तासिका द्यायला काय हरकत आहे? संगणकशास्त्राच्या विभागातील सहकारी तक्ता बांधून देतील. त्यातील तारखेच्या रकान्यात काय भरायचे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.